'माझ्याकडे चालत होता' : जावा प्रोग्रामच्या चाचणीतील ऑपरेटिंग सिस्टीमसापेक्ष दोषांचा शोध

प्रास्ताविक

शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील कोल्हापूर, सांगली व सातारा या तीन जिल्ह्यांत संगणकशास्त्राच्या पदवी व पदव्युत्तर वर्गांना जावा ही भाषा दीर्घकाळ शिकवली जात आहे. विद्यार्थी आपला प्रोग्राम बहुधा घरच्या किंवा मित्राच्या लॅपटॉपवर, म्हणजे विंडोजवर, लिहितो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मात्र परवाना-शुल्क वाचावे म्हणून अथवा अभ्यासक्रमाची गरज म्हणून लिनक्स असू शकते. आय.आय.टी. मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पातील जावाचे पाठही उबंटू लिनक्सवर करून दाखवलेले आहेत. अशा स्थितीत प्रात्यक्षिक परीक्षेच्या किंवा प्रकल्प-सादरीकरणाच्या दिवशी एक वाक्य हमखास कानी पडते : "सर, माझ्याकडे चालत होता."

हे वाक्य आपण अध्यापक सहसा सबब म्हणून ऐकतो. क्वचित त्यामागे प्रोग्राम दुसऱ्याकडून उतरवून आणल्याचा संशयही असतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की, पुष्कळ वेळा विद्यार्थी खरे बोलत असतो आणि त्याचा प्रोग्रामही बरोबर असतो. चूक असते ती आपण लिहिलेल्या चाचणीत. चाचणी लिहिताना आपण आपल्या संगणकाकडून काही गोष्टी न सांगता गृहीत धरतो. ओळ कशी संपते, अक्षर कसे साठवले जाते, अंक कोणत्या लिपीत छापले जातात, आज तारीख कोणती, ही ती गृहीतके होत. ऑपरेटिंग सिस्टीम बदलली की ती बदलतात. म्हणून दोन्ही ऑपरेटिंग सिस्टीमवर चालवून पाहिल्याशिवाय कोणत्याही चाचणीच्या आधारे गुण देणे किंवा कापणे योग्य नव्हे.

जावाचे आश्वासन व त्याची मर्यादा

सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९६ मध्ये जावाची पहिली आवृत्ती प्रसृत केली, तेव्हा 'एकदा लिहा, कोठेही चालवा' हे तिचे घोषवाक्य होते. ते खोटे नाही. जावाचा संकलक, म्हणजे कंपायलर, प्रोग्रामचे रूपांतर कोणत्याही एका संगणकाच्या यंत्रभाषेत न करता बाइटकोड नावाच्या मधल्या भाषेत करतो, आणि हा बाइटकोड विंडोज, लिनक्स व मॅकओएस या तिन्हींवर तसाच चालतो. दोन पूर्णांकांची बेरीज तिन्हीकडे सारखीच येते.

परंतु प्रोग्राम केवळ बेरजा करीत नाही. तो फाईल उघडतो, पडद्यावर लिहितो, घड्याळ पाहतो. फाईल, पडदा व घड्याळ ही जावाची मालमत्ता नव्हे. ती ऑपरेटिंग सिस्टीमच्या ताब्यात असतात आणि जावा त्यांविषयी तिला विचारते. उत्तर जसे मिळेल तसे ते प्रोग्रामच्या हाती पडते.

चाचणी-साधनांपैकी जेयुनिट हे सर्वांत रूढ. केंट बेक व एरिक गामा यांनी १९९७ साली झुरिचहून अटलांटाला जाताना विमानप्रवासातच त्याची पहिली आवृत्ती तयार केली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. २००६ मध्ये त्याची चौथी व २०१७ मध्ये पाचवी पिढी आली. संगणकेतर विषयांच्या वाचकांसाठी एवढे सांगणे पुरेसे आहे की, चाचणी हाही एक छोटा प्रोग्रामच असतो. तो विद्यार्थ्याच्या प्रोग्रामला ठरावीक माहिती देतो, आलेले उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहतो आणि जुळल्यास हिरवी, न जुळल्यास लाल खूण दाखवतो. लाल खुणेचा अर्थ 'उत्तर जुळले नाही' एवढाच असतो. का जुळले नाही, हे साधन सांगत नाही.

विवेचनासाठी आपल्या परिसरातील एक काल्पनिक प्रकल्प घेऊ. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे होतात. अडत दुकानातून शेतकऱ्याला जी हिशेबाची पट्टी मिळते तिच्यात नाव, गाव, रव्यांची संख्या, वजन, दर, हमाली-तोलाईची वजावट व निव्वळ रक्कम असते. ही पट्टी मराठीतून छापणारा प्रोग्राम एका विद्यार्थिनीने विंडोजवर लिहिला आहे आणि अध्यापकांनी दिलेल्या सर्व चाचण्या तिच्या लॅपटॉपवर हिरव्या आल्या आहेत. प्रयोगशाळेतील लिनक्सवर मात्र काही लाल येतात. आता एकेक लाल खूण तपासू.

साधन सुरूच होत नाही तेव्हा

हा सर्वांत सोपा प्रकार आहे, कारण येथे चूक लपून राहत नाही. जेयुनिटच्या जार फाईली कोठे आहेत हे जावाला 'क्लासपाथ'मधून सांगावे लागते. त्यातील मार्ग विंडोजवर अर्धविरामाने (;) आणि लिनक्सवर अपूर्णविरामाने (:) तोडतात. विंडोजवरील आज्ञा जशीच्या तशी लिनक्सवर दिली, तर तेथील शेल अर्धविरामाला आज्ञेचा शेवट समजतो. पहिला अर्धा भाग वेगळा चालतो, उरलेल्या जारच्या नावाला तो नवी आज्ञा मानतो आणि 'अशी आज्ञा नाही' असे उत्तर देतो. विद्यार्थी मात्र जेयुनिट बिघडले असे समजून ते पुन्हा डाउनलोड करीत बसतो.

दुसरे कारण आवृत्तीचे. एकाच संगणकावर जावाच्या दोन आवृत्त्या असतात. संकलन नव्या आवृत्तीने होते आणि चालवण्यासाठी जुनी पुढे येते. मग वर्ग-फाईलची आवृत्ती ६१ असून ५२ पर्यंतच ओळखता येते, अशा अर्थाचा संदेश मिळतो. ६१ म्हणजे जावा १७ आणि ५२ म्हणजे जावा ८, एवढे ठाऊक असले की काम संपते. जेयुनिट ४.११ पासून हॅमक्रेस्ट नावाची जार वेगळी जोडावी लागते, हेही येथेच लक्षात ठेवावे. विंडोजवर लिहिलेली शेल-स्क्रिप्ट लिनक्सवर 'इंटरप्रिटर चुकीचा' अशी तक्रार करते, तेव्हा तिच्या पहिल्या ओळीच्या शेवटी एक अदृश्य चिन्ह चिकटलेले असते. ते चिन्ह पुढच्या विवेचनाचा विषय आहे.

डोळ्यांना न दिसणारा फरक

जेयुनिटचा संदेश सांगतो की अपेक्षित उत्तर हे होते आणि मिळालेले उत्तर ते आहे. दोन्ही ओळी पडद्यावर तंतोतंत सारख्या दिसतात. अध्यापक गोंधळतात, विद्यार्थी हताश होतो. या जातीच्या दोषांचे मूळ बहुधा ओळीच्या शेवटाशी असते.

टंकलेखन यंत्रावर नवी ओळ सुरू करताना दोन क्रिया कराव्या लागत : गाडा मागे ढकलणे आणि कागद वर सरकवणे. संगणकाने या दोन क्रियांना दोन संकेत दिले, १३ व १०. विंडोज आजही ओळीच्या शेवटी हे दोन्ही लिहिते. लिनक्स व मॅकओएस केवळ १० लिहितात. जावातील ओळ छापणारी नेहमीची आज्ञा ऑपरेटिंग सिस्टीमला विचारून त्या त्या पद्धतीने ओळ संपवते. चाचणीत मात्र अध्यापकांनी अपेक्षित पट्टी अवतरणचिन्हांत लिहिताना ओळीचा शेवट स्वतः ठरवलेला असतो. लिनक्सवर बसून लिहिलेली चाचणी म्हणून विंडोजवर लाल येते, आणि उलटही घडते. जावा १५ (२०२०) पासून अनेक ओळींचा मजकूर एकत्र लिहिण्याची जी सोय झाली, तिच्यात ओळीचा शेवट नेहमी १० असाच धरला जातो. ही सोय चांगली आहे. पण प्रोग्रामने विंडोजवर छापलेल्या मजकुराशी तिची थेट तुलना केली की फरक पडतोच.

उपाय साधा आहे. मजकूर सलग ताडू नये. ओळींत तोडून ओळीओळीने ताडावा. जेयुनिट ५ मध्ये त्यासाठी स्वतंत्र पद्धत उपलब्ध आहे. पट्टीची परीक्षा घ्यायची आहे, टंकलेखन यंत्राच्या गाड्याची नव्हे.

मराठी अक्षरांचा प्रश्न

इंग्रजीतून प्रोग्राम लिहिणाऱ्यांना ज्या अडचणी क्वचित जाणवतात, त्या मराठी माहिती हाताळणाऱ्याला पहिल्याच दिवशी भेटतात. परदेशी पाठ्यपुस्तकांतील उदाहरणे इंग्रजी असल्याने हा भाग त्यांत तोकडा असतो, म्हणून येथे तो विस्ताराने घेतला आहे.

युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक आहे. फाईलमध्ये साठवताना यूटीएफ-८ या पद्धतीने त्याचे तीन बाइट होतात. 'कागल' या गावनावात क, काना, ग, ल अशी चार चिन्हे आहेत. म्हणजे फाईलमध्ये बारा बाइट. ही फाईल वाचताना कोणती पद्धत वापरायची हे प्रोग्रामने स्पष्ट सांगितले नाही, तर जावा १७ पर्यंतच्या आवृत्त्या ऑपरेटिंग सिस्टीमची मूळ पद्धत धरतात. लिनक्सवर ती साधारणतः यूटीएफ-८ असते. इंग्रजी मांडणीच्या विंडोजवर ती विंडोज-१२५२ असते, आणि या पद्धतीत एक बाइट म्हणजे एक अक्षर. परिणामी तेच 'कागल' लिनक्सवर चार चिन्हांचे, तर विंडोजवर बारा निरर्थक चिन्हांचे होते. नावाची लांबी तपासणारी चाचणी एकीकडे ४ सांगते आणि दुसरीकडे १२. लिहितानाही हेच घडते : विंडोज-१२५२ मध्ये देवनागरीला जागाच नसल्याने प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह उमटते. आणि एकदा प्रश्नचिन्ह म्हणून फाईलमध्ये गेलेले अक्षर कोणत्याही उपायाने परत मिळत नाही.

मार्च २०२२ मध्ये आलेल्या जावा १८ पासून मूळ पद्धत सर्वत्र यूटीएफ-८ करण्यात आली. हा निर्णय आपल्या दृष्टीने फार महत्त्वाचा होता. परंतु प्रयोगशाळेत जावा ८ असेल तर त्याचा लाभ मिळत नाही. शिवाय कमांड-खिडकीत छापण्याची पद्धत जावा १८ नंतरही त्या खिडकीवरच अवलंबून राहते. म्हणून चाचणी हिरवी असूनही पडद्यावर प्रश्नचिन्हे दिसणे शक्य आहे. अशा वेळी पडद्यावर विश्वास ठेवू नये. चाचणी योग्य सांगत असते. संकलकालाही मूळ प्रोग्रामच्या फाईलची पद्धत स्वतंत्रपणे सांगता येते, आणि जुन्या आवृत्तीत ती सांगितलीच पाहिजे. नाही तर प्रोग्राममध्ये अवतरणांत लिहिलेले 'गूळ पट्टी' हे शीर्षक संकलनाच्या वेळीच बिघडते आणि दोष फाईल वाचण्यात शोधला जातो.

विंडोजचे नोटपॅड हे आणखी एक उगमस्थान. २०१९ पूर्वीचे नोटपॅड यूटीएफ-८ फाईलच्या आरंभी तीन बाइटांची एक अदृश्य खूण ठेवीत असे. ही खूण जावा स्वतःहून काढून टाकत नाही. प्रोग्रामच्याच फाईलमध्ये ती असेल तर संकलक पहिल्याच अक्षराला 'अवैध' म्हणतो. माहितीच्या फाईलमध्ये असेल तर यादीतील केवळ पहिल्या शेतकऱ्याचे नाव जुळत नाही, बाकी सर्वांची जुळतात. 'फक्त पहिलेच नाव चुकते' ही तक्रार आली की या खुणेचा शोध घ्यावा.

याहून सूक्ष्म प्रकार 'गुऱ्हाळ' या शब्दात आहे. गुळाच्या पट्टीवर तो येणारच. 'शेतकऱ्याचे नाव' हेही येणार. यातील आडव्या रफाराचा 'ऱ' हा मराठीचा खास वर्ण असून तो युनिकोडमध्ये तीन प्रकारे लिहिला गेलेला आढळतो. पहिल्या प्रकारात त्याला स्वतःचा क्रमांक आहे, यू+०९३१. दुसऱ्यात साधा 'र' व त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हे असतात. तिसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह असते. 'गुऱ्हाळ' हा शब्द पहिल्या प्रकाराने सात चिन्हांचा, तर दुसऱ्या व तिसऱ्या प्रकाराने आठ चिन्हांचा होतो. छापल्यावर तिन्ही शब्द सारखेच दिसू शकतात. जावाला मात्र ते तीन वेगळे शब्द वाटतात, कारण तिची तुलना चिन्हांच्या क्रमांकांची असते, रूपाची नसते.

हा फरक ऑपरेटिंग सिस्टीमशी दोन वाटांनी जोडलेला आहे. एक, कळफलक : विंडोज, लिनक्स व मोबाईल यांवरील निरनिराळ्या टंकन-सुविधा 'ऱ' निरनिराळ्या प्रकारे लिहू शकतात. विद्यार्थिनीने यादी विंडोजवर टंकित केली आणि अध्यापकांनी चाचणी लिनक्सवर, तर एकच शब्द दोन रूपांत अवतरतो. दोन, फाईलचे नाव : मॅकच्या जुन्या एचएफएस-प्लस या फाईल-व्यवस्थेत नावे विघटित रूपात साठवली जात, म्हणजे पहिला प्रकार दुसऱ्यात बदलला जाई. तेथून 'शेतकऱ्यांची यादी' नावाची फाईल लिनक्सवर आणली की, डोळ्यांसमोर असूनही ती सापडत नाही. जावा ६ पासून उपलब्ध असलेला नॉर्मलायझर पहिला व दुसरा प्रकार एकरूप करतो. तिसऱ्यावर त्याचा इलाज चालत नाही, कारण युनिकोडच्या नियमांप्रमाणे तो समरूप धरला जात नाही. तेथे प्रोग्राममध्ये स्वतः बदल करावा लागतो. मराठी विद्यार्थ्याच्या प्रकल्पात हा बदल आढळला तर त्याला आवर्जून जादा गुण द्यावेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अंक आणि तारीख

पट्टीवरील रकमेची चाचणी जावा ८ वर हिरवी असते आणि जावा १७ वर लाल येते, असेही घडते. कारण विलक्षण आहे. संख्या मजकुरात बसवणारी जावाची पद्धत देश व भाषा यांची मांडणी ऑपरेटिंग सिस्टीमकडून घेते. संगणकाची प्रादेशिक मांडणी 'मराठी (भारत)' अशी असली तरी जावा ८ च्या मूळ संग्रहात मराठीची माहिती नसल्याने अंक रोमन पद्धतीचेच येत. २०१७ मधील जावा ९ पासून युनिकोड संघटनेचा सीएलडीआर हा संग्रह मूळ मानला गेला, त्यात मराठीसाठी देवनागरी अंक आहेत. त्यामुळे त्याच प्रोग्रामने छापलेली रक्कम देवनागरी अंकांत येऊ लागली. हिंदीचे नेमके उलटे झाले : जुन्या संग्रहात तिचे अंक देवनागरी होते, नव्यात रोमन झाले. इंग्रजी मांडणीच्या संगणकावर यातले काहीच दिसत नाही, म्हणून एकाच वर्गातील दोन लॅपटॉपवर दोन निकाल लागतात.

गंमत अशी की, वाचताना जावाला देवनागरी अंकांचे वावडे नाही. मजकुरातून पूर्णांक काढणारी नेहमीची पद्धत '१२३' हे १२३ असेच वाचते. अडचण केवळ मजकूर म्हणून तुलना करताना येते. आणखी एक बाब सांगितली पाहिजे. जावाची अंगभूत मांडणी स्वल्पविराम दर तीन अंकांवरच देते. बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट ही रक्कम ती १२,३४,५६७ अशी न लिहिता १,२३४,५६७ अशी लिहिते. कोणताही दिवाणजी अशी पट्टी परत करील. हा दोष सर्व ऑपरेटिंग सिस्टीमवर सारखाच असल्याने चाचणी तो पकडत नाही, किंबहुना अध्यापकांनी अपेक्षित उत्तर प्रोग्रामच्याच छापील निकालावरून उतरवले असेल तर चाचणी तो पक्का करून ठेवते.

तारखेचा घोटाळा घड्याळाचा आहे. अनेक महाविद्यालयांतून आता चाचण्या दूरस्थ सर्व्हरवर चालवल्या जातात आणि तेथील घड्याळ बहुधा जागतिक प्रमाणवेळ दाखवते. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. रात्री दोन वाजता प्रकल्प पाठवणाऱ्या विद्यार्थिनीच्या लॅपटॉपवर तारीख बदललेली असते, सर्व्हरवर मात्र आदल्या दिवसाचे साडेआठच वाजलेले असतात. 'आजची पट्टी' तपासणारी चाचणी मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत लाल आणि दिवसभर हिरवी राहते. अध्यापक सकाळी दहा वाजता पाहतात तेव्हा सारे सुरळीत असते. चाचणीत तारीख घड्याळातून घेऊच नये, ठरावीक तारीख द्यावी.

फाईल, फोल्डर व क्रम

येथे थोडक्यात सांगता येईल. विंडोज फाईलच्या रोमन नावातील मोठ्या व लहान अक्षरांत भेद करीत नाही, लिनक्स करते. मॅकओएसची मूळ मांडणीही भेद करीत नाही. देवनागरीत हा भेदच नसल्याने मराठी नावाच्या फाईली यातून सुटतात, पण वर पाहिल्याप्रमाणे 'ऱ'मध्ये सापडतात. फोल्डरमधील फाईलींची यादी विंडोजवर बहुधा वर्णक्रमाने मिळते. लिनक्सवर कोणत्याही क्रमाने मिळू शकते. जावा क्रमाची हमी देत नाही, म्हणून यादी स्वतः क्रमाने लावून घ्यावी.

चाचण्यांच्या क्रमाचेही तसेच. २०११ च्या जावा ७ पर्यंत जेयुनिटच्या चाचण्या बहुधा लिहिलेल्या क्रमाने चालत. जावा ७ मध्ये ती सवय मोडली आणि एकमेकींवर अवलंबून असलेल्या चाचण्या कधी हिरव्या, कधी लाल येऊ लागल्या. जेयुनिट ४.११ (२०१२) ने ठरावीक क्रम दिला, तरी तो लिहिलेल्या क्रमाइतकाच असेल असे नाही. दुसऱ्या चाचणीला पहिलीने तयार केलेली फाईल लागत असेल, तर ती चाचणीच सदोष समजावी.

उलट दिशेचा एक प्रकार आहे. लिनक्सवर हिरवी असलेली चाचणी विंडोजवर 'फाईल दुसरी प्रक्रिया वापरीत आहे' असे सांगून अडते. उघडी फाईल लिनक्स पुसू देते. विंडोज सामान्यतः देत नाही. प्रोग्रामने फाईल बंद करण्याचे राहिले आहे, एवढाच याचा अर्थ. विंडोजची ही कडक शिस्त अध्यापनास उपयोगी पडते. खिडक्या व बटणे असलेला प्रोग्राम पडदा नसलेल्या सर्व्हरवर तपासू गेल्यास तो पहिल्याच पायरीवर थांबतो. हिशेबाचा भाग पडद्यापासून वेगळा लिहायला सांगावे.

शोधाची रीत

लाल खूण पाहून प्रोग्राममध्ये बदल करीत सुटणे ही सर्वसाधारण प्रवृत्ती असते. तिच्यामुळे मूळ कारण हरवते आणि दोन नवे दोष निर्माण होतात. प्रथम पाहावे की अडचण संकलनाच्या वेळी आहे, चालवताना आहे, की तुलनेत आहे. पहिल्या दोन ठिकाणी संदेश बहुतांशी खरे कारण सांगतो. तुलनेत असेल तर दोन्ही मजकुरांची चिन्हे न पाहता त्यांचे क्रमांक एकाखाली एक छापावेत. चार ओळींचा हा छोटा प्रोग्राम प्रत्येक अध्यापकाजवळ असावा. ओळीच्या शेवटचा १३, आरंभीची अदृश्य खूण, 'ऱ'चे तीन प्रकार, देवनागरी अंक ही सर्व मंडळी तेथे उघडी पडतात.

त्यानंतर दुसऱ्या संगणकाची परिस्थिती आपल्याच संगणकावर निर्माण करावी. जावा सुरू करताना भाषा, देश, कालविभाग व अक्षर-पद्धती या चारही गोष्टी बाहेरून सांगता येतात. जावा १८ किंवा त्यापुढील आवृत्तीत जुने वर्तनही मुद्दाम मागवता येते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. कालविभाग बदलताच हिरवी चाचणी लाल झाली, की कारण हाती आले. एवढ्याने भागले नाही तर विंडोज १० व त्यापुढील आवृत्तींत लिनक्सची उपप्रणाली बसवता येते. वेगळ्या संगणकाची गरज उरत नाही. ज्या महाविद्यालयात एकच प्रयोगशाळा आहे तेथेही ही तपासणी शक्य आहे.

प्रत्येक चाचणीच्या आरंभी जावाची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टीमचे नाव, अक्षर-पद्धती, भाषा-देश व कालविभाग आपोआप छापले जातील अशी सोय करावी. विद्यार्थिनीने घरचा हा तक्ता प्रकल्पासोबत जोडला, तर 'माझ्याकडे चालत होता' या वाक्यातील 'माझ्याकडे' म्हणजे नेमके काय, हे दोघांनाही कळते.

गुण कोणाचे कापावेत

सर्व दोष चाचणीचे नसतात. प्रोग्राममध्ये आपल्या लॅपटॉपच्या सी ड्राइव्हवरील फोल्डराचा संपूर्ण मार्ग लिहून ठेवणे, फाईल बंद न करणे, मराठी फाईल वाचताना अक्षर-पद्धती न सांगणे या विद्यार्थ्याच्या चुका आहेत आणि त्यांचे गुण कापणे न्याय्य आहे. मात्र त्या शिकवल्या गेल्या असल्या पाहिजेत. ओळीचा शेवट, चाचण्यांचा क्रम व घड्याळ यांवर अडलेली चाचणी ही अध्यापकांची चूक समजावी. ती आढळताच एकट्या तक्रार करणाऱ्याचे नव्हे तर त्या तुकडीतील सर्वांचे गुण पुन्हा तपासावेत, कारण जे गप्प राहिले त्यांचेही गुण त्याच चाचणीने कापलेले असतात.

देवनागरी अंकांचा प्रश्न या दोहोंच्या मध्ये येतो. अपेक्षित उत्तरात रोमन अंक होते आणि विद्यार्थिनीच्या पट्टीवर देवनागरी उमटले. साधनाच्या हिशेबी उत्तर चुकले. परंतु पट्टी मराठी आहे, ती वाचणारा शेतकरी मराठी आहे आणि तिच्यावर देवनागरी अंक असणे हेच स्वाभाविक आहे. अशा प्रसंगी पूर्ण गुण द्यावेत, अंकांची भाषा प्रोग्राममध्ये स्पष्टपणे नोंदवण्यास विद्यार्थिनीला सांगावे आणि आपली चाचणी दुरुस्त करावी.